मागची चाकं सुधाकरकडे

१२ जानेवारी २००२

खेकडा (आमची रिमोटवर चालणारी छोटी गाडी) आज पहिल्यांदा चारही चाकं वळवून फिरला. मंदाच्या परातीएवढ्या जागेत पूर्ण वळसा. पुढची चाकं आणि मोटर माझ्या रिमोटवर, मागची चाकं सुधाकरच्या. (रोज पूर्ण नाव लिहायचा कंटाळा. सु. लिहीन.) एका रिमोटवर चारही चाकं वळवायची तर त्याचं यंत्र बाहेरून मागवावं लागतं, ते आपल्या आवाक्यात नाही. म्हणून महूच्या कर्नलसाहेबांच्या जुन्या खेळण्यातल्या विमानांचे दोन रिमोट आणि दोन माणसं. महूच्या स्पर्धेत लोक हसतील. हसू देत.

समोरासमोर उभे राहिलो की जमतं. मी गाडीच्या पुढे, तो मागे. मिलच्या लूमखात्यात अठरा वर्षं असेच उभे होतो, तो लूमवर, मी दुरुस्तीला, मध्ये मशीन. त्या आवाजात तोंडाचा काही उपयोग नव्हता, सगळं बोलणं हातांनी. तेच हात अजून चालतात. तळहात आडवा सरकवला की चारही चाकं एका दिशेला, गाडी तिरकी जाते. मनगट फिरवलं की मागची उलट, गाडी जागच्या जागी वळते. मंदा म्हणाली, दोन माणसं दोन तास बसतात आणि एक शब्द नाही, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं.

आज सांगायचं होतं. नाही सांगितलं. सोमवारपासून मी मिलमध्ये जाणार, मागच्या गेटनं. मिलचा माल ज्या ठेकेदारानं घेतलाय त्याला लूम उकलायला माणूस हवा आहे. आणि सु. पुढच्या गेटवर तंबूत बसतो, दहा ते पाच, एकही मशीन बाहेर जाऊ नये म्हणून. मिल बंद पडून दोन वर्षं झाली, तेव्हापासून.

१४ जानेवारी

संक्रांत. कामाचा पहिला दिवस.

लूमखात्यात कबुतरं आणि त्यांची घाण. ठेकेदाराची पोरं हातोड्यानं ठोकत होती, एक बोल्ट धड निघेना. कुठला उलटा फिरतो हे त्यांना काय माहीत. संध्याकाळपर्यंत चार लूम उकलले. ठेकेदार म्हणाला, "आप नहीं होते तो महीना लग जाता."

बरं वाटलं. इथे तरी खरं लिहावं, बरं वाटलं. दोन वर्षांत या हातांवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मंदाच्या शिवणावर घर चालतंय आणि मी गच्चीवर खेळण्यातली गाडी करतोय, असं मल्हारगंजात सगळे म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत एवढंच.

मग घरी येताना एवढी लाज वाटली की लांबच्या गल्लीनं आलो. सु. आधीच येऊन बसला होता. तंबूतून तिळगूळ आणला होता. खाल्ला.

१७ जानेवारी

गाडी चढावर नाक वर करते. पुढच्या चाकांत शिसं भरलं, आता जमीन धरते. दुसरी खोड: मोटर जोरात दिली की पुढचं उजवं चाक हवेत. एका बाजूची स्प्रिंग बदलून कडक घातली. निम्मं सुधारलं. टायरमधला फोम कापून कमी केला, आता टायर दगडावर बसून त्याला मिठी मारतो.

मागचं मात्र वाईट. चाकं वळवायच्या पेटीतले प्लास्टिकचे गिअर पहिल्याच दगडावर दात पाडून बसले. सु.ला हसू आवरेना. "प्लास्टिकवर भरवसा ठेवणारा फिटर पहिल्यांदा बघतोय, विनूभिया. पितळेचे आण ना यार. सियागंजात बघ, मिलेंगे."

बघतो म्हणालो.

२० जानेवारी

पितळेचे आणले. लूमवर कापड मोजायचं छोटं घड्याळ असतं, त्यातले. काल तीन घड्याळं उघडली, ट्रकमध्ये जाणारच होती. हवे तसे दोन मिळाले.

सु.नं बोटांत धरून फिरवून बघितले. चांगला माल आहे म्हणाला, कुठे मिळाला? सियागंजात, म्हणालो.

आजवर नुसता गप्प होतो. आज खोटं बोललो. फरक आहे, उगाच समजूत घालण्यात अर्थ नाही.

२३ जानेवारी

मागची पेटी जड फिरत होती म्हणून सु.नं उघडली. गिअर रॉकेलच्या वाटीत टाकले, ब्रशनं घासले. रॉकेल लाल झालं.

दातांच्या मुळाशी कुंकू होतं. दसऱ्याला सगळे मशीनला लावतात, पण विणकर घड्याळाला लावायचे, कारण मजुरी त्यावर ठरायची. वर्षानुवर्षांचं कुंकू तेलात बसून काळं पडतं. रॉकेलमध्ये परत लाल होतं.

सु. वाटीकडे बघत राहिला. मग विचारलं, सियागंजात कोणत्या दुकानात? कोपऱ्यावरच्या कबाड्याकडे, म्हणालो. "बरं," म्हणाला. गिअर पुसले, बसवले, ग्रीस लावलं. पेटी लोण्यासारखी फिरायला लागली. गेला.

तीस वर्षं फिटर आहे मी. पार्ट धुतल्याशिवाय आजवर कशात बसवला नाही. हेच दोन का नाही धुतले, मलाही कळत नाही.

२७ जानेवारी

महूला, कर्नलसाहेबांच्या नाल्यात सराव. काळे दगड, मध्ये दोन-दोन काठ्या रोवून केलेली फाटकं. त्यांतून गाडी न्यायची. मागे घेतली तर एक गुण दंड, काठीला लागली तर दहा, हात लावून उचलली तरी दहा. ज्याचा दंड कमी तो जिंकला. साहेबांनी हा खेळ कुठल्या तरी परदेशी मासिकात पाहिला, तेव्हापासून विमानं सोडून यामागे लागलेत. पुढच्या रविवारी स्पर्धा. सहा गाड्या, आमच्याखेरीज सगळ्या बाहेरून मागवलेल्या.

गाडी उत्तम चालली. सु.नं एकही चूक केली नाही. एकदाही चेष्टा केली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. थंडी वाजते का विचारलं तर नाही म्हणाला.

त्याला माहीत आहे. किंवा नाही. हे असं किती दिवस

३० जानेवारी

पाचवी रांग, खांबाजवळचा. सु.चा लूम.

ठेकेदाराला घाई झालीय, आता गॅसनं कापायला लावतो. त्या पोरांना सांगितलं, याला हात लावायचा नाही. पान्यानं उघडला, एकेक नट. दुपारचं जेवलो नाही. घड्याळावर कुंकवाचा थर नखाएवढा. सगळं सुटं करून नीट रचून ठेवलं, जसं काही कुणी परत जोडणार आहे. संध्याकाळी पोरांनी उचलून ट्रकमध्ये फेकलं.

काही ठेवून घेतलं नाही. ठेवून घ्यायचा मला काय अधिकार.

१ फेब्रुवारी

सु. आला. मागची चाकं थोडी डावीकडे ओढत होती, ती सरळ करायला. स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला, तंबूत कळलंय, मागच्या गेटनं ट्रक जातात. बाकीचे वकिलाकडे जाणार आहेत. तो सोमवारपासून मागच्या गेटवर बसणार.

"आतून कोण उकलतंय ते बघायचंय."

माझ्याकडे बघितलं नाही. मी "बघ" म्हणालो.

तो गेल्यावर मंदा भडकली. सोमवारच्या आत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. काम करता त्याचं मला काही नाही, पोट आहे, पण त्या माणसाला समोर बसवून रोज फसवता. मी तिला नको ते बोललो. दोघं जेवलो नाही.

३ फेब्रुवारी

महू. स्पर्धा.

घोळ सुरुवातीलाच. नियम असा की चालवणारे दोरीच्या एकाच बाजूला उभे राहणार. आम्ही शेजारी-शेजारी उभे, आणि एकमेकांचे हात दिसेनात. मी डावीकडे न्यायला लागलो की त्याची चाकं उजवीकडे. पहिल्या चढावर दोन काठ्या पाडल्या. लोक हसले. समोरासमोरची सवय, बाजूला उभं राहून आम्हाला काही येतच नाही. शेवटी मीच कर्नलसाहेबांकडे गेलो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ठीक है, एक उधर चला जाए."

सु. नाला ओलांडून पलीकडे गेला. मग गाडी आमची झाली. दुसरा टप्पा शून्य दंड. कुणी हसलं नाही.

तिसरा टप्पा. शेवटचं फाटक उंच दगडावर, दोन्ही काठ्यांना बोटभर जागा. पुढची चाकं वर घेतली, गाडी लटकली, आता मागची उलट वळवायची होती. मी मनगट फिरवलं. सु. हलला नाही. त्यानं रिमोट खाली दगडावर ठेवला. माझ्याकडे बघितलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ. आणि हातानं विचारलं, आत किती राहिले?

पाळी संपताना रोज विचारायचे ती खूण, किती लूम चालू राहिलेत. नाल्यावर चाळीस-पन्नास माणसं, कुणालाही कळलं नाही. कर्नलसाहेब घड्याळ बघत होते. नाही कळलं असं दाखवता आलं असतं. डाव्या हातात मोटर धरून ठेवली होती, सोडली असती तर गाडी गडगडली असती. उजव्या हातानं सांगितलं. अकरा.

मग त्यानं स्वतःकडे बोट केलं. त्याचा? मी हात खाली पाडला. गेला.

तो वाकला, रिमोट उचलला, आणि मागची चाकं अशी आणली की काठी हललीसुद्धा नाही. गाडी पार. टाळ्या वाजल्या.

एकंदरीत दुसरे आलो. बक्षीस घ्यायला मी एकटाच गेलो. तो बसस्टॉपवर नव्हता. रिमोट घेऊन गेलाय.

४ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. ताप आल्याचं कळवलं. ताप नाही.

ठेकेदाराचा निरोप आला, उद्यापर्यंत थांबतो, बुधवारी गॅस लावतो, मग तुमची गरज नाही. पान्यानं उघडले तर तीन दिवसांचं काम. माझ्याशिवाय तिथे कुणाला ते येत नाही, आणि हत्यारांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. गेलो तर सु.च्या समोरून आत जावं लागेल. नाही गेलो तर कापून टाकतील. रडू आलं, दुपारी, अंघोळ करताना.

५ फेब्रुवारी

आजही गेलो नाही. मंदा मला न विचारता थर्मास घेऊन मागच्या गेटवर जाऊन आली. सु. तिथे एकटा आहे, पोत्यावर बसलाय, बाकीचे वकिलाकडे. चहा घेतला. तिनं दारात चपला न काढताच त्याचा निरोप सांगितला.

"वहिनी, त्याला म्हणावं, अकरा उरलेत ते त्यानंच उघडावेत, गॅसनं कापू देऊ नये. पण मी इथून उठणार नाही. ट्रक न्यायचा तर माझ्यावरून न्यावा लागेल."

दोनदा विचारलं, असंच म्हणाला का. असंच म्हणाला. रागानं? नाही, साधं, भाजी आणायला सांगावं तसं.

ठेकेदाराचा माणूस पुन्हा येऊन गेला. उद्या सकाळी आठला या, नाहीतर गॅस. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आत्ता मंदाला आणखी एक विचारलं, हातानं काही बोलला का. म्हणाली, हात कसे बोलणार, दोन्ही हातांनी पेला धरला होता, थंडी किती आहे बाहेर.