दोन दारांमधलं पाणी

तीर्थरूप आबा,

तुमच्या पायाला हात लावून सांगतो, मी खुशाल हाय. जेवण येळेवर व्हतं.

आमची शिडाची होडी फ्रान्सच्या कालव्यातून चाललीय. मी सैपाक करतो आन दोरी सांभाळतो. उतार आला की होडी दगडी हौदात घेत्यात, मागचं दार लावत्यात आन पुढून पाणी भाईर सोडत्यात. पाण्याबरुबर होडी खाली उतरती. तवा मालक सुरा घिऊन माज्या मागं उभा ऱ्हातो. म्हातारा हसतमुख हाय, पर मला लई संशय यायचा.

काल म्या दोरी काठावरच्या खुंट्याला बैलाच्या दाव्यासारखी गच्च बांधली. पाणी उतरलं आन होडी एका अंगानं भिंतीला लोंबकळली. मालकानं सुरा मारला, तो दोरीवर. तवा कळलं, सुरा कशापायी असतो ते. आईला ह्यातलं काय सांगू नगा.

तरी दारं लावून पाणी खेळवणाऱ्यांवर माजा इस्वास बसत न्हाई. धरणाच्या सायबानं बी तुमाला सांगितलं व्हतं, पाणी गोठ्यापातुर येणार न्हाई म्हनून.

हितलं पाणी पाव तासात उतरतं. आपल्या गोठ्यावरचं औंदा तरी उतरलं का वो?

तुमचा,
गोरख