पोशी की पेशी

ती. आईस नमस्कार.

मी वसतिगृहात मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शाळेकडून माझी तक्रार येईल, घाबरू नकोस. विज्ञानाचे सर तासभर नुसतं गाइड वाचून दाखवतात. त्यात 'पेशी'चं 'पोशी' छापलंय, तर फळ्यावरही पोशीच! मी 'पेशी' म्हटलं, तर म्हणाले, "अतिशहाणे, जा, प्रयोगशाळेतली धूळ पूस."

तिथे सूक्ष्मदर्शक आहे. या ठोंब्याने त्याचं झाकण कधी काढलेलंही नाही. मी कांद्याचा पापुद्रा त्याखाली ठेवला नि खरी पेशी पाहिली. आता रोज सरांची एक चूक मोठ्याने सांगते; शोधावी लागत नाही.

फक्त बाबांना माफी मागू देऊ नकोस. सरांनी माफ केलं, तर मला पुन्हा वर्गात बसावं लागेल.

तुझी धाकटी