दर्भाचा कावळा

नोएडा, २० नोव्हेंबर २०१७

त्या दिवशी सकाळी पाण्याची मोटर लावली, दुधाच्या पिशव्या आत घेतल्या, मेथी निवडली. यांच्या शर्टाचं बटण लावत होते तर म्हणाले, "राहू दे कुमुद, दुसरा घालतो." एवढंच. दुपारी ऑफिसातून फोन आला. यांना जाऊन जानेवारीत वर्ष होईल. अजून मेथी आणवत नाही.

२३ नोव्हेंबर

उल्का दिल्लीतल्या मुनिरक्याहून आली. तिथे खोली घेऊन राहते, नोकरी करते, बँडमध्ये गाते. नवं गाणं ऐकवलं. पंक रॉक म्हणे. नुसता आरडाओरडा! पण शब्द कानात शिरलेच —

दर्भाचा कावळा, दर्भाचा कावळा,
भात शिवून झाला, हात धुवून चला!

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बापाच्या दहाव्याचं गाणं केलं पोरीने!

त्या दिवशी यमुनेच्या घाटावर घारी होत्या, कबुतरं होती. पिंडाला शिवायला कावळा काही येईना. इच्छा राहिलीय, म्हणाले सगळे. तेव्हा विश्वनाथभावजी, यांचे धाकटे भाऊ, हात जोडून मोठ्याने बोलले, "दादा, उल्काचं लग्न वर्षाच्या आत करतो!" तरी नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे जेवायला गेले.

२४ नोव्हेंबर

भावजींचा फोन. गाणं त्यांच्यापर्यंत पोचलंय. "वहिनी, दादाची थट्टा चालवलीय हिने! रविवारी, तीन तारखेला गुरुग्रामची मंडळी बघायला येतायत. त्यांच्या कानावर गेलं तर? आणि वर्ष उलटलं की पुढे तीन वर्षं लग्न नाही, माहीत आहे ना?"

बघते, म्हटलं.

२६ नोव्हेंबर

उल्काला म्हटलं, ते गाणं सोड. चिडली नाही. "तू नको म्हणालीस तर नाही गाणार. पण आधी वाच तरी. एवढी पुस्तकं वाचतेस यार, आई!" शब्द मोबाइलवर पाठवले.

२८ नोव्हेंबर

दहावीपुढे शिकले नाही. नीट वाचायला शिकले ती इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत, एकेक पुस्तक दोनदा वाचून. हेही तसंच वाचलं.

ही तर ओवी आहे! आई जात्यावर म्हणायची — पहिली देवाला, दुसरी भावाला. उल्काला हे कुठून? मीच म्हटलं असेल, ती लहान असताना. हिची पहिली काकाला, दुसरी गुरुजींना. आणि तिसरी —

तिसरी माझी आईला, तिने मान हलवली.

हलवली होती, घाटावर भावजी बोलले तेव्हा.

यांचं तर गाण्यात नावच नाही. कसली थट्टा! पुढे आहे —

उपटलं मला, गाठ मारली,
म्हणाले, हे बघ तुझे पंख.

"मला." म्हणजे तो कावळा ती आहे. खरा आला नाही म्हणून हिला वळून केलेला. हिने एकदा शिवलं की बाकीचे जेवायला मोकळे.

बाहेर धूर आणि धुकं. दिवसभर दिवा लावून बसले.

२९ नोव्हेंबर

फोन केला. "मुलगा वाईट आहे का गं?"

"चांगला असेल. मला विचारलं कुणी?"

"मग सरळ सांगायचं. गाणं कशाला?"

"घरात बोललं की तू रडतेस, आई."

तेव्हाही रडतच होते. फोन तोंडापासून लांब धरला.

१ डिसेंबर

काल मेट्रोने गुरुग्रामला गेले, एकटीच. मुलाच्या आईपुढे हात जोडले. म्हटलं, रविवारी येऊ नका, मुलीला आम्ही विचारलंच नव्हतं. त्यांनी चहा विचारला नाही. खाली फाटकापाशी उभी राहून भावजींना फोन लावला.