एका घोटाचा उशीर

कासू,
सोमवार

आदरणीय खलीलमामूंना सफाचा अस्सलामु अलैकुम.

इथे सगळे खुशाल, तुमच्या खुशालीची दुआ रोज होते. (नानी मोठ्यानं करते, मी मनात.) नानीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पेणच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा दिली आणि तुमच्या या अम्मांनी ती तिसऱ्यांदा परत केली. पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड खलीलचंच बघणार, नायतर हाय ते धुकं बरं, असा हट्ट. आता तिला बशीसुद्धा चाचपडून शोधावी लागते. तेव्हा मस्कतहून कधी येताय, हा प्रश्न आहेच.

आता माझं रडगाणं. तुम्ही दरवेळी विचारता, त्या लेसरचं काय करतेस, आणि मी "चाललंय" म्हणते. तर ऐका. तांदळाच्या दाण्याएवढा लेसर. समोर आरसा ठेवला की त्याचाच उजेड परत त्याच्या अंगावर येतो आणि तो बिथरतो, कसाही लुकलुकतो. त्या लुकलुकण्यात निरोप लपवायचा. वाटेत कुणी पकडला तरी त्याला नुसता गोंधळ मिळावा. झकास ना? कसलं काय! उजेडाला आरशापर्यंत जाऊन यायला ठरावीक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळानं गोंधळात आधीच्या गोंधळाची पुसट नक्कल उमटते. चोरानं तो वेळ मोजला की आरसा किती लांब ते त्याला कळतं, आणि अर्धं गुपित तिथंच फुटतं. तो वेळ लपवणं, हे माझं पीएचडीचं काम. (चार वर्षं झाली. हसू नका.)

मी दुसरा आरसा लावला. फुटपट्टी घेऊन, पहिल्याइतक्याच अंतरावर, अगदी काटेकोर. आपल्या घरात कपबश्यासुद्धा सारख्या अंतरावर मांडतात, ती खोड! आलेखावर तो वेळ दाखवणारा सुळका लपायचा सोडून आणखी उंच झाला. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, सफा, तू गुपित झाकलंस की त्याला नवे कपडे शिवलेस? मग तो आरसा आडनिड्या अंतरावर सरकवला, परत येणारा उजेड कमी केला, तेव्हा कुठे सुळका खाली बसला. गेले चार महिने इथे घरी बसून तेच लिहून काढतेय.

आणि घरी बसल्यामुळे तुमचे शुक्रवारचे फोन कानावर पडतात. नऊ वर्षं नानी विचारते, "खलील, जेवलास काय?" आणि चहाचा घोट घेते. घोट घशाखाली उतरला की तुमचं "व्हय अम्मा" येतं. मस्कत किती लांब, तर एक घोट. ईदनंतर तुमचं उत्तर घोटाच्या आधीच यायला लागलं. नानीला दोनदा ठसका लागला. "फोन सुधारला गो," म्हणाली. ते तुमच्याही लक्षात आलं असावं, कारण तुम्ही थांबून बोलायला लागलात. पण मामू, किती सारखं थांबता! पूर्वी कधी अर्धा घोट, कधी दीड, कधी आवाजच गायब. आता दरवेळी बरोबर एक. हा तर माझाच दुसरा आरसा झाला.

मग या शुक्रवारी नानी म्हणाली, "काल मोरीत पडले रे." तुमचं "अम्मा! कुठं लागलं?" तिचं वाक्य संपायच्या आत आलं. तेवढं एकदा थांबायचं विसरलात. मला रडूच आलं.

नोकरी गेली असेल तर गेली, मामू. कंपन्या बंद पडतात, माणसं घरी येतात. त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? आणि ज्या तोंडासाठी ती आंधळी बसायला तयार आहे, तेच तुम्ही लपवताय.

तुमची भाची,
सफा

ता.क. "मस्कतहून" आलेल्या खजुराच्या डब्यावर रोह्याच्या दुकानाचं लेबल होतं. नानीच्या हातात द्यायच्या आधी मी ते खरवडून काढलं. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, खलीलभाई रोज संध्याकाळी येतात. हे पत्र त्याच्याकडेच ठेवतेय.

ता.क. २. राहवलं नाही, पत्र नानीला वाचून दाखवलं. ती मोरीत पडलीच नव्हती! म्हणाली, "पडल्याबिगर पोरगा कुठं हाय ते कसं कळायचं?" गुरुवारची तारीख तिनं घेतलीय. "रोह्यावरनं पेणला सकाळची गाडी हाय, तेवढं लिव गो. आणि जेवून ये म्हणावं."