अक्षरांचे रंग लपवायचे नाहीत

आई, मला अक्षरं रंगीत दिसतात हे परवा मी वर्ध्यात परक्या माणसांसमोर कबूल केलं. तू असतीस तर चिमटाच काढला असतास.

पहिलीत असताना आष्टीच्या शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. ते तक्त्यावर पट्टी ठेवून विचारतात, हे कोणतं? मी सांगते, तपकिरी. आणि हे? पिवळं. तक्ता सगळा काळ्या अक्षरांचा. त्यांनी थेंब लिहून दिले. तू महिनाभर न चुकता घातलेस, तरी ‘क’ तपकिरीच राहिला. मग एकदा भाकर थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "कोनाले सांगू नको बाई. पोरगी येडी हाय म्हनतीन लोकं." मी सांगितलं नाही. नववीत होते तेव्हा तू गेलीस. तोवर आपल्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढे कॉलेजात, आपल्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच, एका पुस्तकात वाचलं की असं बऱ्याच जणांना दिसतं आणि हा आजार नाही. तुझा राग आला नाही. धावत येऊन तुला सांगावंसं वाटलं.

आता वर्ध्यात, कॉलेजच्या प्रदर्शनात मी एक खोली मांडली आहे. आत अंधार, छतापासून सोडलेले पांढरे सुती पडदे, मधोमध माइक. कवितेची ओळ म्हटली की एकेक अक्षर माझ्या रंगात पडद्यावर उजळतं आणि पडद्याला हात लावला की तोच आवाज परत येतो. परवा मावशी जाम गावचे पाहुणे घेऊन आली, मला बघायला. कॉलेजचं काम आहे, एवढंच तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. मुलाची आई दुकान सांभाळणारी, बोलकी. माइकपाशी मात्र लाजली, शाळेतली अर्धीमुर्धी आठवणारी कविता म्हणाली. पडदे भरून गेले. हात लावून तिने स्वतःचाच आवाज दोनदा ऐकला आणि मग मला विचारलं, "हे रंग तू ठरवले, का तुले खरंच दिसतेत?"

मावशीने माझा दंड दाबला. मी म्हणाले, "दिसतात."

"तुह्या मायले मालूम होतं?"

"हो. ती म्हनायची, सगळ्यायले सांगजो."

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. नाही आला तरी खोली चालूच राहणार आहे. पण ते वाक्य तुझं नव्हतं, आई, मीच तुझ्या तोंडी घातलं. ते ऐकून मावशीने पदराने डोळे पुसले. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.