दहा वीसची पोच

१६ जानेवारी १९५८
सकाळी डॉक्टर स्वतः चिठ्ठी घेऊन तारघरात. लोणखेड्याच्या दगाभाईला उसाच्या फडात कोल्हा चावला, उजव्या मनगटावर. कोल्हा पिसाळलेला, लोकांनी मारला. दवाखान्यातली लस संपली आहे. चौदा इंजेक्शने जिल्ह्याहून बसने ताबडतोब पाठवा, अशी तार. मागोमाग दगाभाई, हाताला फडके. म्हणाला, "मन्ही तार जरा जोरमा ठोका, मास्तर." हसलो. दव फार, तारा ओल्या, टकटक क्षीण. १०.२० ला तार मिळाल्याची पोच वाजली. नोंदवहीत वेळ टाकली, सही केली.

१७ जाने.
दुपारच्या बसला पुडके नाही. डॉ. म्हणाले, सरकारी काम, उद्या येईल. मीही तेच म्हणालो.

१८ जाने.
आजही नाही. दगाभाई बस बघून थेट इकडे. माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. "दखा, पाणी पी ऱ्हायनू मी. पिसाळेल माणूस असा पेस का?" बाकावरची माणसे हसली. मी नोंदवही उघडली.

तेव्हापासून एकच विचार. आमच्या तारेवर तीन ठाणी. जिल्हा एकाशी बोलला तरी ऐकू सगळ्यांना जाते. म्हणून पोच देताना ज्या ठाण्याची तार त्याची खूणअक्षरे आधी वाजवायची. गुरुवारी माझ्याआधी डोंगराकडच्या ठाण्याची तार चालू होती. मग मी माझी पाठवली. ती संपताच पोच आली. तीत आमची अक्षरे होती का?
आठवत नाही.
खोटे लिहिले. नव्हती. तेव्हाच खटकले होते. परत विचारायला अर्धे मिनिट लागले असते. चहाला उठलो.

त्याच दिवशी, पाच वाजता
जिल्ह्याला विचारले. गुरुवारची माझी सात नंबरची तार? मिळाली नाही. पुन्हा विचारले. नाही. पोच त्या दुसऱ्या ठाण्याची होती, उशिरा दिलेली. माझी तार इथून गेली आणि ओल्या तारांत विरली, कुठेच पोचली नाही. पुन्हा पाठवली. शब्द न् शब्द परत वाजवून घेतला. घाईत चुकलो, त्यांनी दोनदा थांबवले.

१९ जाने.
पुडके नाही. जेवलो नाही. हिला सांगितले. हिने ताट झाकून ठेवले. मग, "डॉक्टरांना तरी सांगा."

२० जाने.
आले. पोटात पहिले इंजेक्शन. चावल्याला चार दिवस झाले. डॉक्टरांना सगळे सांगितले. रागावले नाहीत, चष्मा पुसत बसले. रागावले असते तर बरे. म्हणाले, रोग दिसायला तीन आठवडे, तीन महिने, काही सांगता येत नाही. दगाभाईला कोणी सांगायचे, मी विचारले.
"तुम्ही."

२ फेब्रुवारी
चौदावे इंजेक्शन झाले. दगाभाई घरी पपया घेऊन. "तुम्हनी तारनी वाचाडं माले." पपया परत करता आल्या नाहीत. सांगताही आले नाही. ही भीती त्याच्या जिवाची की माझ्या नोकरीची? दोन्ही. कोणती किती, ते लिहायची हिंमत नाही.

५ फेब्रु.
तो बाजारात दिसला. गल्ली बदलली. एम.ए. व्हायचे राहिले ते बरेच झाले. इतका भित्रा माणूस कॉलेजात काय शिकवणार होता?

११ फेब्रु.
सांगितले. तारघराच्या पायरीवर, दुपारी. चार दिवस कसे गेले, कोणामुळे.  दगाभाई म्हणाला, "मंग दुसरी तार पोचनी ना?"
हो म्हणालो.
"मंग कसाले रडतस?"
तेव्हा कळले, रडत होतो. मग त्याने सदऱ्याची बाही वर सारली. व्रण कोरडा, स्वच्छ. कालपासून तिथे मुंग्या येतात म्हणाला. कोपरापर्यंत. "डॉक्टरले सांगू नका हां. तो मन्ही बायकोले सांगी दी. ती बिचारी आताच जेवाले लागनी शे." आणि बैलगाडीत बसून गेला.

भरून आलेल्या जखमेलाही मुंग्या येतात, हे ठाऊक आहे. पिसाळण्याची सुरुवातही अशीच होते, हे डॉक्टरांच्या पुस्तकात परवाच वाचले. त्यावर औषध नाही, हेही.
त्याने सांगू नका म्हटले आहे. दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो. चप्पल घातली आहे.