कर्नलचं पथ्य आणि माझे सोमवार

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
श्रावण वद्य सप्तमी, शनिवार, २३ ऑगस्ट २००८

सौभाग्यवती विहीणबाई मनोरमाबाई यांना गोदूबाईचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमची कंबर कशी आहे? उर्मिला जाताना सांगून गेली की आईची कंबर धरली आहे, थोडे दिवस हाताखाली राहून येते. खरंच धरली असेल तर तिळाचं तेल कोमट करून चोळा आणि वाकून केर काढू नका. धरली नसेल तर तेल फुकट घालवू नका, मला काय ते समजलं. हरिश्चंद्ररावांनाही नमस्कार सांगा.

तुम्ही म्हणाल, उर्मिलेच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, हिने कधी दोन ओळी खरडल्या नाहीत, आज एवढं जाड पाकीट कसं. माझी शाळा चौथीपर्यंत (चौथीत बसले होते, पास झाले असं मी म्हणत नाही), त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नका. घरात फोन आहे. पण फोनवर तुम्ही दर वाक्याला 'हो का' म्हणता, आणि हे प्रकरण असं आहे की मध्ये कोणी 'हो का' म्हणालं तर पुढचं माझ्या तोंडून बाहेर यायचं नाही.

प्रकरण आमच्या कुत्र्याचं आहे. तुमच्या जावयाने, दत्तारामने, दोन वर्षांपूर्वी हापिसातल्या मित्राकडून आणलं ते, लॅब्राडॉर जातीचं, रंग उकळून आटवलेल्या दुधासारखा. नाव ठेवलं कर्नल. (कर्नल म्हणे! जिन्यात मांजर दिसलं की माझ्या पलंगाखाली.) मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दोन खोल्यांत माणसं मावत नाहीत, ह्याला कुठे ठेवणार. पण माझं ऐकतंय कोण. तर ह्या कर्नलला गेल्या उन्हाळ्यापासून खाज सुटली. कान लाल, पंजे चाटून चाटून ओले, आणि पोटाचं तर विचारू नका, आज बरं तर उद्या जिन्यापर्यंतही दम निघायचा नाही. धुवायची कोणी? उर्मिलेने. मी नाक धरून सूचना करायची.

डॉक्टर म्हणाला, ह्याला खाण्यातलं काहीतरी सोसत नाही, बहुतेक कोंबडी नाहीतर गहू, खाणं बदला. म्हणून आम्ही दोघी जेसल पार्कच्या दुकानात गेलो. विहीणबाई, कुत्र्याच्या खाण्याची पिशवी तुम्ही पाहिली नसेल. आपल्या बासमतीच्या पिशवीवर नसतं एवढं चित्रकाम. दुकानदार म्हणाला, "माँजी, ये लॅम्बवाला ले जाओ, नाजूक पेट के लिए स्पेशल है, मेरा खुद का डॉगी यही खाता है." पुढे ही मोठी मेंढी काढलेली. मी म्हटलं घे आणि चल. उर्मिला हलेना. तिने पिशवी उलटी केली, चष्मा पुसला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत उभी राहिली. पुढे मेंढी आणि मागे चौथ्या ओळीत कोंबडी! दुसरी पिशवी काढली, तिच्यात गहू. तिसरीवर मासा होता, त्या माशाच्या पोटात पुन्हा कोंबडीची चरबी. दुकानदाराचा चेहरा उतरला (त्याच्याकडे डॉगी नाही, हे मला मागाहून कळलं), आणि मी मात्र दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले की आमच्या सूनबाईंना वाचायला काहीही चालतं. तुमच्या मुलीची हुशारी अशी मी चारचौघांत खाली पाडायची, ही माझी जुनी खोड. ती हसली आणि चौथी पिशवी उलटी केली.

शेवटी डॉक्टरने दुसरा मार्ग काढला. दोन महिने पिशवी बंद. कर्नलने जन्मात कधी खाल्ला नाही असा एक मासा आणि बटाटा, एवढंच उकडून द्यायचं. बाकी एक कणसुद्धा तोंडात जाता कामा नये. मग एकेक पदार्थ वाढवून बघायचं की खाज कशाने सुटते. डॉक्टर वही घेऊन बसला, कोणता मासा खाल्ला नाही सांगा. बोंबील? खाल्लाय. बांगडा, मांदेली, कोलंबी? सगळं झालंय. सुरमईचं डोकं? तेच तर आवडतं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग मला आठवलं की रावस ह्याच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, कारण तो आमच्यापर्यंतही वर्षातून एकदाच पोचतो. म्हणजे ठरलं. घर भेंडीची भाजी खाणार आणि कुत्रं रावस.

आषाढ होता तोवर मी चालवून घेतलं. श्रावण लागला आणि माझं डोकं फिरलं. पन्नास वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात श्रावणात मासा शिरला नाही. उर्मिला वाद घालत बसली नाही. तिने गॅलरीत स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं घेतलं, रोज काटा काटा काढून रावस उकडला, हात धुतले आणि मग माझ्यासाठी चहा ठेवला. फ्रिजवर तर पथ्याच्या पहिल्या दिवशीच तिने एक कागद चिकटवला होता, रोजचा एक चौकोन, त्यात कर्नलची खाज आणि पोट पेन्सिलीने लिहून ठेवायचं. मला नीट समजावं म्हणून ती तेव्हाच म्हणाली होती, "आई, समजा की त्याचा दोन महिने उपवास आहे." झालं. उपवास म्हटल्यावर मला कोणी शिकवायचं? जन्मभर सोमवार करणारी बाई मी.

आता लिहायला जड जातंय, पण लिहिते. दर सोमवारी मी साबुदाण्याची खिचडी करते, शेंगदाण्याचं कूट हात सैल सोडून. दोन वर्षं कर्नल सोमवारी माझ्या समोर बसतो आणि दोन घास मी त्याला घालते. डॉक्टरने काय काय खातो विचारलं तेव्हा मी सगळी मासळी सांगितली, खिचडी सांगितली नाही. लपवली नव्हती हो. ते फराळाचं. फराळ कोणी जेवणात धरतं का? आणि पथ्य लागल्यावर उलट मला वाटलं, बिचाऱ्याचा उपवास आहे तर उपवासाचंच घातलेलं बरं. दोनाचे चार घास केले. एका सोमवारी राजगिऱ्याचा लाडूही दिला.

कर्नलचे कान सोलवटले. तुमच्या जावयाने घर डोक्यावर घेतलं की बाहेरचं कोण घालतंय. आम्ही सगळे डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने उर्मिलेचा कागद पाहिला आणि म्हणाला, हे दर मंगळवारीच कसं बिघडतं? सोमवारी घरात वेगळं काय असतं? शेंगदाण्याचा एक दाणा गेला असेल तरी सांगा. विहीणबाई, त्या क्षणी मला समजलं. एवढी काही मी मंद नाही. तोंड उघडायचं होतं तेवढंच राहिलं होतं. मी कर्नलचा पट्टा हातात धरून भिंतीवरचं मांजराचं कॅलेंडर बघत बसले. आणि उर्मिला म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल डॉक्टर. सोमवारी मी घाईत असते." दत्ताराम तिला रिक्षात बसेपर्यंत बोलत राहिला, एक कुत्रं सांभाळता येत नाही म्हणाला, रस्त्यातली माणसं वळून बघत होती. आणि मी, जिच्या पदराला अजून कुटाचा वास होता, ती काय म्हणाले असेन? म्हणाले, "लक्ष द्यायला हवं गं जरा."

दुसऱ्या दिवशी तुमची कंबर धरली.

ती गेल्यावर मी फ्रिजवरचा तो कागद काढला. सोमवारचे चौकोन जरा मळके दिसत होते, खोडलेले. खिडकीशी नेऊन, भिंग लावून पाहिलं, पेन्सिल दाबून लिहिल्याच्या रेघा उरल्या होत्या. पहिल्या सोमवारी लिहिलं होतं, 'आईंची खिचडी?' दुसऱ्या सोमवारी नुसतं 'आईंची खिचडी', पुढचं प्रश्नाचं चिन्ह नाही. तिसऱ्याही सोमवारी तेच. तिला माहीत होतं. डॉक्टरकडे निघण्याआधी तिने बसून ते एकेक खोडलं, म्हणजे कागद नवऱ्याच्या हातात पडला तरी माझं नाव दिसू नये. अडाणीपणाची मला लाज नाही, शेतकरी बापाने शाळेतून काढलं त्याला मी काय करणार. पण सुनेने माझ्यासाठी रबर घासावं आणि मी कॅलेंडर बघावं, ह्याची मला ह्या वयात इतकी लाज वाटते आहे की अकरा दिवस झाले, मी कागद पुन्हा फ्रिजवर लावू शकलेले नाही.

बाकी ठीक. रावस आता मी उकडते. उत्तनहून टोपली घेऊन येणारी कोळीण म्हणाली, "आज्जे, सरावनात रावस? तुला घरात कोनी बोलत न्हाय?" मी म्हटलं, बोलणारी मीच होते. श्रावणी सोमवारी गॅलरीत बसून काटे काढले, महादेवाला सांगितलं की तू आज तिकडे तोंड कर. खिचडी बंद केली आहे. सोमवारी दार लावून केळं खाते आणि कर्नल बाहेरून दार खरवडतो. कान मात्र भरून आलेत त्याचे. पोटही जागेवर आहे.

कळावे. तुमच्याकडे सगळ्यांना माझी आठवण सांगा, त्यांना काढावीशी वाटली तर.

गोदूबाई

ता. क. हे पत्र तुमच्यापुरतं ठेवा. दत्तारामला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो समजतो कर्नल औषधाने बरा झाला. योग्य वेळ आली की सांगेन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तो घरी आला आणि 'उर्मिला नाही तर बघ कुत्रं कसं सुधारलं' म्हणाला. मग सांगावंच लागलं. त्याने विचारलं, का घालत होतीस? मी म्हटलं, एकटीने उपवास करायचा कंटाळा येतो, बाकी काही नाही. तो उद्याच न्यायला निघत होता. मी त्याला थांबवलं आहे. चूक माझी आणि मिरवत जाणार तो, असं नको.

ता. क. तिसरा, आणि हे लिहायलाच कागद घेतला होता. पुढच्या रविवारी मी बोरिवलीहून एसटीने महाडला येते आहे. सुनेला आणायला सासू जात नाही, मला ठाऊक आहे, लोक बोलले तर बोलू देत. तुम्हाला एकच विनंती. मी आले की तुम्ही आणि हरिश्चंद्रराव काहीतरी निमित्त काढून घराबाहेर जा. तासभर तरी येऊ नका. पहिला पाऊण तास मी दुसरंच काहीतरी बोलत बसेन.